सातवीतली लेक, डिस्कॅल्क्युलिया आणि ‘आधी पाढे’ हा हट्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंची मुलगी सातवीत आहे. तिला डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणन अक्षमता असल्याचं गेल्या वर्षी तपासणीत निघालं. पाढे पाचाच्या पुढे टिकत नाहीत, हातच्याची बेरीज चुकते, घड्याळ बघताना गोंधळ होतो. बोलायला मात्र तरबेज आहे. वाद घालते, गोष्टीतली खोच बरोबर पकडते. शाळेतले सर म्हणतात, “आधी पाढे पक्के होऊ द्या, डोकं चालवायची गणितं नंतर बघू.” ताई विचारतात, हिला गणितात विचार करायला शिकवता येईल का, की दहावी कशीबशी काढून गणिताचा नादच सोडावा?

ताई, मी लातूरला विशेष शिक्षिका म्हणून काम करते. त्याआधी नऊ वर्षं साध्या शाळेत गणित शिकवत होते, आणि तुमचे सर आज जे म्हणतात तेच मीही म्हणत होते. पाचवीतल्या एका मुलाकडून मी वर्षभर रोज सकाळी साताचा पाढा म्हणवून घेतला. दिवाळीपर्यंत ‘सात सक बेचाळीस’पर्यंत गाडी आली. सुट्टी संपवून आला तो ‘सात दुणे’लाच अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या वर्षात बाकीच्या लेकरांनी अपूर्णांक केले, परिमिती केली, शाब्दिक उदाहरणं केली. हा पाढाच म्हणत राहिला. एप्रिलमध्ये त्याला पाढा येत नव्हता आणि पाचवीचं गणित त्याने पाहिलंही नव्हतं. प्रगतिपुस्तकात शेरा मात्र त्याच्या नावावर पडला, ‘सराव कमी’. तो शेरा मीच लिहिला होता.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. एक आकडेमोड आणि दुसरा गणिती विचार. सरांच्या मनात गणित ही शिडी आहे. खालची पायरी पाढे, वरची पायरी विचार. खालची पक्की झाल्याशिवाय वर पाय टाकायचा नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे निभून जातं, कारण त्यांची खालची पायरी दुसरी-तिसरीतच पक्की होते. तुमच्या मुलीची ती पायरी कदाचित कधीच पूर्ण पक्की होणार नाही. मग तिने दहावीपर्यंत शिडीच्या तळाशी उभं राहायचं का, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्या ‘नाही’च्या मागे काही अटी आहेत, त्या आधी सांगते.

पहिली अट निदानाची. शंभरात साधारण तीन ते सात मुलांना ही अडचण असते असं मानलं जातं. म्हणजे चाळिसाच्या वर्गात एक ते तीन मुलं. पण गणितात मागे पडलेली मुलं वर्गात त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि त्या सगळ्यांना डिस्कॅल्क्युलिया नसतो. आपल्याकडे तर कारणांची रांगच आहे. बीडकडची लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांचं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचं वर्षच कोरं राहतं. हंगामी वसतिगृहात राहिलेली त्यातल्या त्यात वाचतात. तांड्यावरच्या मुलांच्या घरात गोरमाटी बोलतात आणि शाळेत मराठी, त्यामुळे ‘पेक्षा किती कमी’ हे शब्दच आधी कळत नाहीत. कुणाला फळ्यावरचं दिसत नसतं, कुणाला ऐकू कमी येतं. कुणी नुसतं घाबरलेलं असतं. म्हणून निदान करताना नीट, नेमकी मदत किमान सहा महिने देऊनही अडचण टिकून आहे का, हे बघायचं असतं. तुमच्या मुलीची शाळा सलग झाली असेल, डोळे-कान तपासले असतील आणि तरी हे निघालं असेल, तर पुढचं सगळं तिला लागू आहे. तिला वाचायलाही जड जात असेल (पुष्कळ मुलांमध्ये दोन्ही अडचणी एकत्र असतात), तर उदाहरण कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मग पुढचं सगळं लागू.

दुसरी अट तीव्रतेची. काही मुलांची अडचण फार खोल असते. अशा मुलांकडून मला जे साधलं ते थोडंच आहे, हे मी लपवणार नाही. पण तुमची मुलगी वाद घालते म्हणता, तर माझी आशा बळकट आहे.

आता हे नेमकं होतं काय, ते सांगते. या अडचणीला स्वतंत्र नाव देऊन तिच्यावर पद्धतशीर लिहिलं ते लादिस्लाव कोश्च या चेकोस्लोव्हाकियातल्या मानसशास्त्रज्ञाने, 1974 साली. मूल एकूण बुद्धीने ठीक असूनही संख्येच्या बाबतीतच अडतं, हा त्याचा मुद्दा होता. पुढे मेंदूचा अभ्यास झाला तेव्हा डोक्याच्या वरच्या-मागच्या भागातली एक खाच ‘किती’ ही जाणीव सांभाळते आणि अशा मुलांमध्ये ती वेगळ्या रीतीने काम करते, असं दिसलं. तुमच्या-माझ्यासमोर ताटात तीन लाडू ठेवले तर आपण ते मोजत नाही, तीन दिसतात. या मुलांना पुष्कळदा तीनसुद्धा मोजावे लागतात. आपल्याला 98 आणि 100 शेजारी वाटतात, 8 आणि 100 लांब वाटतात. त्यांना हे आपोआप वाटत नाही. संख्या त्यांच्यासाठी नुसती नावं असतात.

यातून दोन परिणाम निघतात. ते वेगळे ठेवले नाहीत तर मदत चुकते.

पहिला परिणाम जागेचा. विचार करताना डोक्यात एक छोटी पाटी लागते. 7 अधिक 8 जिला बोटांवर मोजावे लागतात, तिची सगळी पाटी त्या पंधरात भरून जाते. उदाहरणात विचारलं काय होतं, हे लिहायला जागाच उरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिला विचार करता येत नाही. पाढ्यांचा तक्ता समोर ठेवला, हातात कॅल्क्युलेटर दिला, की पाटी रिकामी होते आणि मग तिच्यात दम किती आहे ते दिसतं. म्हणून मी तक्ता पहिल्या दिवशीच देते. “सवय लागेल” म्हणून शिक्षक नाराज होतात. चष्म्याची पण सवय लागते की.

दुसरा परिणाम जास्त चिवट आहे आणि तक्त्याने सुटत नाही. ‘उत्तर पटतंय का बघ’ असं आपण सहज म्हणतो. ते पटण्यासाठी संख्येचा आकार मनात जाणवावा लागतो, आणि नेमका तोच इथे जाणवत नाही. एका आठवीतल्या मुलाचं सांगते. त्याच्या घरचं सोयाबीन मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात जायचं होतं. सात कट्टे (पोती), प्रत्येकी 60 किलो, भाव क्विंटलला 4,300 धरला. कॅल्क्युलेटर हातात होता. 420 किलो म्हणजे 4.2 क्विंटल, इथपर्यंत बरोबर आला. मग टिंब दाबायचं राहिलं आणि उत्तर आलं 1,80,600. त्याने ते शांतपणे लिहून ठेवलं. सात कट्ट्यांचे एक लाख ऐंशी हजार! त्याचा बाप शेजारीच बसला होता, तो हसला. मुलाला हसण्यासारखं काय झालं तेच कळेना. त्याच्यासाठी 18 हजार आणि 1 लाख 80 हजार ही दोन लांबलचक नावं होती, बस्स.

म्हणून ‘अंदाज लाव’ असं या मुलांना रिकाम्या हातांनी सांगणं मला चुकीचं वाटतं. अंदाजासाठी आधी खुंट्या रोवून द्याव्या लागतात. मी प्रत्येक मुलाला एक मापवही करायला लावते. त्यात त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली मापं असतात. 10 रुपये म्हणजे बिस्किटाचा पुडा. 1,000 म्हणजे घरचा एका आठवड्याचा किराणा. 10,000 म्हणजे काय, हे घरी विचारून यायचं. एक किलोमीटर म्हणजे घरापासून मारुतीच्या पारापर्यंत. 45 किलो म्हणजे युरियाची गोणी. (एका मुलीने “गोणी पन्नासची असते” असं आजोबांचं ऐकून लिहून आणलं. मग गोणीवर काय छापलंय ते बघून ये म्हटलं. 2018 पासून ती 45 किलोची आहे. आजोबांना चुकीचं ठरवून आली, स्वारी आठवडाभर खूश होती.) सोयाबीनवाल्या मुलाने पुढे काय केलं बघा. “दोन कट्ट्याला एक क्विंटल आन् वर थोडं. सात कट्टे म्हंजे चारच्या आसपास. चारदा चार हजार.” खेळण्यातल्या नोटांच्या चार गड्ड्या मांडल्या आणि म्हणाला, “सोळाच्या वर पायजे, लाखात कसं जाईल?” मग टिंब सापडलं. 18,060. याला मी गणितातला चिकित्सक विचार म्हणते. त्यात पाढा एकही नव्हता.

मराठी अंकांच्या नावांचाही यात वाटा आहे, त्यावर थोडं थांबते, कारण पालकांच्या ते लक्षातच येत नाही. आपण ‘त्रेचाळीस’ म्हणतो तेव्हा तीन आधी येतात, चाळीस नंतर. लिहिताना उलटं, 4 आधी. साधारण मूल हे घोटून घोटून गिळतं. डिस्कॅल्क्युलियावालं मूल 34 लिहितं, आणि चौथी-पाचवीतही लिहितं. शिवाय ‘एकोण’ आहेच. एकोणसाठ ऐकताना कानावर साठ पडतात आणि लिहायचे असतात 59. एकोणऐंशी, एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि 99 ला मात्र अचानक नव्व्याण्णव होतं. देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरातली लेकरं ‘इरवै ओकटि’ म्हणतात, म्हणजे वीस एक. त्यांना तेलुगूत बरोबर येतं आणि मराठीत चुकतं, असं मी पाहिलंय. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या आणि लोक विनोद करण्यात दंग होते. माझ्या खोलीत तरी ‘चाळीस तीन’ अजून चालतं. तुमच्या मुलीलाही चालू द्या. आधी ‘चाळीस तीन’ म्हणायचं, लिहायचं, मग ‘म्हणजे त्रेचाळीस’. मराठी बुडत नाही.

इथवर मी दोन गोष्टी सांगितल्या. आकडेमोडीचं ओझं तक्त्यावर आणि यंत्रावर टाका. संख्येच्या आकारासाठी तिच्या ओळखीच्या खुंट्या द्या. आता मूळ प्रश्न, विचार कसा शिकवायचा.

एकदा मी सातवीच्या वर्गात हे उदाहरण दिलं: ‘परभणीहून निघालेल्या एसटीत 26 प्रवासी आणि 10 गाठोडी आहेत, तर कंडक्टरचं वय किती?’ ही कल्पना माझी नाही. 1980 च्या सुमाराला फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी लहान मुलांना जहाजावरची मेंढरं-बकऱ्या सांगून कप्तानाचं वय विचारलं होतं, आणि बहुतेक मुलांनी ते काढून दिलं होतं. आमच्या वर्गातही तेच झालं. 36, 36, 36. वर्गात पहिला येणारा मुलगा सगळ्यात आधी हात वर करून बसला. डिस्कॅल्क्युलिया असलेली एक मुलगी मात्र पाटी कोरी ठेवून बसली होती. नेहमीसारखं जमलं नसेल असं धरून मी पुढे जाणार होते, पण सहज विचारलं. म्हणाली, “मॅडम, कंडक्टरचं काईच सांगितलं न्हाई, मग कसं सांगावं?”

याची मी फार गोष्ट करत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात तिनेही अशाच एका उदाहरणात दिसतील ते आकडे मिळवून टाकले. डिस्कॅल्क्युलिया असला की विचारशक्ती जास्त असते, वगैरे समज मला पटत नाहीत. पण त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाकीच्यांना बेरीज इतकी सोपी होती की विचार करायची गरजच पडली नाही. तिला बेरीज महाग होती. ती करण्यापूर्वी, करायची गरज आहे का, हे तिने बघून घेतलं. हे ‘आधी बघून घेणं’ शिकवता येतं आणि त्याच्यावरच माझं बरंचसं काम चालतं.

त्यासाठी मी आकडे काढून टाकलेली उदाहरणं देते. ‘एका बाईने आठवडी बाजारात वांगी नेली. सकाळी एका भावाने विकली. संध्याकाळी उरलेली कमी भावाने दिली.’ बस, एवढंच. आता बोल. काय काय विचारता येईल? तिला फायदा झाला का हे कळायला काय माहीत पाहिजे? मुलं बोलायला लागतात. किती नेली, किती उरली, दोन्ही भाव किती, आणि एखादं चाणाक्ष मूल म्हणतं, “जायचं-यायचं भाडं?” पुस्तकातल्या उदाहरणात भाडं कधीच नसतं! बोलून झालं की मी एकेक आकडा देते, आणि प्रत्येक आकड्यानंतर विचारते, आता काय काढता येईल, काय अजून नाही? शेवटचा आकडा येईपर्यंत मुलीने उदाहरण उलगडून ठेवलेलं असतं. गुणाकार राहतो तो कॅल्क्युलेटर करतो. हे रोज नको, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. त्याहून जास्त ताणलं की ही मुलं थकतात आणि आपणही चिडतो.

दुसरा प्रकार मला सर्वांत आवडतो, त्यात दुसऱ्याचं सोडवलेलं गणित तपासायचं असतं. आपण गणित म्हणजे स्वतः सोडवणं एवढंच धरतो. पण मोठेपणी आपल्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्याने केलेलं गणितच येतं. बिल, हप्ता, मजुरीचा हिशेब, जाहिरात. व्याजाचंच घ्या. गावात ‘दोन टक्क्यांनी पैसे’ मिळतात आणि बँक बारा टक्के सांगते. आठवीच्या मुलांना विचारलं, कुठलं कर्ज स्वस्त? सगळा वर्ग म्हणतो, दोन टक्के! पाढे अस्खलित येणारेही तेच म्हणतात. मग मी एकच सांगते, दोन्ही वाक्यांत काय लपवलंय ते शोधा. हळूहळू कुणीतरी विचारतं, “दोन टक्के महिन्याला की वर्षाला?” गावातलं शेकडा दोन महिन्याचं असतं. दहा हजारांवर महिन्याला 200, वर्षाला 2,400. बँकेचे बारा टक्के वर्षाचे, म्हणजे 1,200. डिस्कॅल्क्युलियावाल्या मुलीला 2,400 काढायला दोनशेच्या बारा गड्ड्या मांडाव्या लागल्या आणि त्यात वेळ गेला. पण ‘महिन्याला की वर्षाला’ हा प्रश्न त्या दिवशी तिनेच विचारला होता, आणि त्या प्रश्नाशिवाय बाकी वर्गाचं झटपट गणित धडाधड चुकीच्या दिशेने चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तिची आई आली होती. तिने ते ऐकून घेतलं, काही बोलली नाही. घरी उचल होती, हे मला नंतर समजलं.

तपासण्याच्या या प्रकारात आणखी एक सोय आहे. चूक दुसऱ्याची असते. या मुलांनी वर्षानुवर्षं लाल शाईच पाहिलेली असते. पहिल्यांदाच त्यांच्या हातात लाल पेन येतो. मी मुद्दाम चुकीची बिलं करते. एक सोपं, जिथे तीन वस्तूंची बेरीज सर्वांत महागड्या वस्तूपेक्षाही कमी दाखवलीय. एक अवघड, जिथे आकडेमोड सगळी बरोबर आहे पण डझनाचा भाव एका नगाला लावलाय. मूल ‘चूक आहे’ म्हणालं की मी ‘कशावरून?’ विचारते, आणि बरोबर बिलावरही तेच विचारते. नाहीतर मुलं फार हुशार असतात, मॅडमने ‘कशावरून’ म्हटलं म्हणजे चुकलं, एवढंच शिकतात.

सवलतींचा एक किस्सा सांगून हा भाग संपवते. 300 रुपयांचा ड्रेस. एका दुकानात ‘दोनवर एक मोफत’, दुसऱ्यात ‘40 टक्के सूट’. मी कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, तीन भागांची एक आणि दहा भागांची एक, की पहिल्या दुकानात एक ड्रेस 200 ला पडतो आणि दुसऱ्यात 180 ला, हे दिसावं. एक मुलगी पट्ट्यांना हातही न लावता म्हणाली, “मला एकच घ्यायचाय. मोफतचा मिळायला आधी दोन घ्यावे लागतील की.” माझ्या पट्ट्या तशाच राहिल्या.

आता पाढ्यांचं. ते सोडून द्या असं मी म्हणत नाही. 2, 5 आणि 10 एवढे पक्के करायचे, बाकीचे त्यांच्यावरून काढायला शिकवायचे. नवाचा पाढा म्हणजे दहाचा, त्यातून एकेकदा तो आकडा कमी. सात चोक अठ्ठावीस एकदा हाती लागलं की साती आठी म्हणजे तेच दोनदा, छप्पन्न. यात पाठांतर कमी आणि विचार जास्त आहे, म्हणून विसरलं तरी परत उभं करता येतं. बोटं मोजली तर मोजू द्या. सातवीत बोटं मोजते म्हणून हात टेबलाखाली लपवायला लावू नका. आणि घड्याळ लावून तोंडी गणितं विचारणं आजपासून बंद करा. आमच्या लातूरला वेगाचं भारी वेड आहे. सराव चाचण्या, मिनिटाला किती प्रश्न, ज्याचा हात आधी वर तो हुशार. डॉक्टर-इंजिनियर घडवायला त्याचा उपयोग झाला असेल, मी नाकारत नाही. पण ज्या लेकराचं डोकं ‘किती’शी झगडतंय, त्याच्यावर घड्याळ ठेवलं की भीती येते आणि डोक्यातल्या त्या छोट्या पाटीवर आधी भीतीच जागा अडवते.

लोक तुम्हाला म्हणतील, बाजारात पाठवा, व्यवहारात आपोआप शिकते. पाठवा, पण ‘आपोआप’वर विसंबू नका. या मुलांची एक खूण मला ठाऊक झाली आहे. ती नेहमी सगळ्यात मोठी नोट पुढे करतात आणि परत आलेले पैसे न मोजता खिशात घालतात. दुकानदाराला वाटतं, पोरगं साधं आहे. बाजाराला जाण्यापूर्वी घरीच ठरवा: काय आणायचं, सगळं मिळून पन्नासच्या आत होईल की बाहेर, परत काही यायला पाहिजे की नाही. एवढं बोलून गेली तर बाजार तिला शिकवेल.

सरांशी बोलताना पाढ्यांवरून वाद नका घालू. त्यांच्या वर्गात चाळीस मुलं असतील, सगळ्यांची परीक्षा त्यांच्याच डोक्यावर आहे. एवढंच मागा की वर्गात शाब्दिक उदाहरणं चालू असताना तिला पाढ्यांचा तक्ता वापरू द्यावा, आणि तपासताना रीत बरोबर असेल तर रीतीचे गुण वेगळे द्यावेत. ही मागणी दयेची नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत डिस्कॅल्क्युलियाचं नाव आहे. तुमच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना एकदा शाळेत यायला सांगा. आईने सांगितलेलं आणि त्यांनी सांगितलेलं यात सर फरक करतात, हा अनुभव आहे.

प्रमाणपत्राचं काम दहावीवर ढकलू नका. तुमच्याकडे आता जो तपासणीचा कागद आहे, तो खासगी असेल तर परीक्षेच्या सवलतीसाठी सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. जिल्हा रुग्णालयात फोन करून अध्ययन अक्षमतेची तपासणी तिथे होते की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात, आणि कुठल्या वारी, हे आधी विचारा. नाहीतर दोन हेलपाटे फुकट जातात. वाढीव वेळ, कॅल्क्युलेटर वगैरेसाठी अर्ज शाळेमार्फतच जातो, तुमच्या जिल्ह्याला छत्रपती संभाजीनगरचं विभागीय मंडळ लागू आहे. नववी सुरू होताच मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. सवलत मिळाल्यावर कॅल्क्युलेटर पहिल्यांदा परीक्षेतच हातात आला तर सोयाबीनवाल्या मुलासारखं टिंब दाबायचं राहून जातं, म्हणून सातवीपासूनच तो घरी वापरू द्या.

तुम्ही मुलीच्या चुकांबद्दल लिहिलंत, पण त्या कशा आहेत हे लिहिलं नाहीत. 43 चे 34 होतात, की ‘एकशे पाच’चे 1005 होतात, की आकडे बरोबर आणि चिन्ह चुकतं, यावर सुरुवात कुठून करायची हे अवलंबून आहे. तिच्या वहीची तीन-चार पानं, खोडाखोडीसकट, जशीच्या तशी पाठवा. तिचं आणि शाळेचं नाव झाकून. आणि एखाद्या उदाहरणाखाली, तिने ते तसं का केलं, हे तिच्याच शब्दांत लिहून पाठवलंत तर मला पानांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.